मधुमेह आणि शेतकऱ्याची रोजनिशी

शेतकीच्या मासिकांत माणसाच्या दुखण्याविषयीं लेख कशाला, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येईल. त्यावर आमचें उत्तर असें कीं, बैलांच्या खुरकुतीवर, उंसाच्या काणीवर व द्राक्षांच्या केवड्यावर आम्ही वर्षानुवर्षें पानेंच्या पानें खर्च करीत आलों. परंतु हें सर्व सांभाळणाऱ्या धन्याचीच प्रकृति ढासळली तर घरची शेती किती दिवस नीट चालेल, याचा विचार आम्ही फारसा केला नाहीं. ती उणीव थोडीशी भरून काढावी, एवढ्याच हेतूनें आज आम्ही मधुमेहाचा विषय हातीं घेतला आहे.

मधुमेह हा गादीवर बसणाऱ्या पेढीवाल्याचा किंवा शहरांतील कारकुनाचा रोग, कष्टकरी कुणब्यास तो होत नाहीं, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. ती आतां सोडून दिली पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्यानें सर्व राज्यांत झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांवरून देशांत सुमारें १० कोटि १० लक्ष लोक मधुमेही असावेत व आणखी १३ कोटि ६० लक्ष त्याच्या उंबरठ्यावर असावेत, असा अंदाज निघतो. प्रौढ माणसांत हें प्रमाण शहरांत शेंकडा १६.४ आणि खेड्यांत शेंकडा ८.९ इतकें आढळलें. म्हणजे गांवच्या सभेंत शंभर प्रौढ माणसें जमलीं तर त्यांत आठनऊ मधुमेही असावयाचे. आणि त्यांतील कित्येकांस आपणांस हा रोग जडला आहे याची वार्ताहि नसावयाची. याचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. नांगराच्या जागीं ट्रॅक्टर आला, मोटेच्या जागीं विजेचा पंप आला, शेतावर जावयास मोटारसायकल आली. परंतु ताटांतील भाकरी, भात व चहा मात्र नांगर धरणाऱ्याच्या मापाचींच राहिलीं.

गेल्या हिवाळ्यांतील एक प्रसंग येथें सांगतों. आमच्या परिचयाचे एक बागाईतदार साठीच्या घरांतले असून दोन वेळां इन्शुलिन टोंचून घेतात. एके सायंकाळीं त्यांनीं नेहमीप्रमाणें इन्शुलिन घेतलें व ते पानावर बसणार, तोंच पंपाची वीज आल्याचें कळलें. गव्हास पाणी देणें अडलेलें होतें. "आलोंच तासाभरांत," असें म्हणून ते विजेरी घेऊन दारें धरावयास गेले. दीड तासानें शेजारच्या शेतांतील गड्यास ते पाटांत बसलेले आढळले. कडाक्याच्या थंडींत अंग घामानें भिजलेलें, हात कांपत असलेले आणि बोलणें अडखळत असलेलें. गळ्यांत माळ असलेल्या माणसानें दारू प्यावी याचें जमलेल्या लोकांस नवल वाटलें, व एकदोघे हंसलेहि. सुदैवानें त्यांची सून गांवांतील आशा कार्यकर्ती होती. तिनें काय तें ओळखून साखरेचें पाणी पाजलें. पाव तासांत गृहस्थ शुद्धीवर येऊन नीट बोलूं लागले. आणखी अर्धा तास कोणी तिकडे फिरकलें नसतें, तर पुढें काय झालें असतें तें लिहवत नाहीं.

या प्रसंगांत चूक कोणाची? डॉक्टरांनीं ठरवून दिलेलें इन्शुलिनचें प्रमाण बरोबर होतें. औषध बनावट नव्हतें. बदलली होती ती त्या दिवसाची परिस्थिति: जेवण राहिलें आणि कष्ट वाढले. हा बदल डॉक्टरांस दवाखान्यांत बसून कळणें शक्य नव्हतें; तो त्या गृहस्थांसच ठाऊक होता, आणि त्याचा अर्थ काय होतो हें त्यांस कोणी शिकविलें नव्हतें. आमचा या लेखांतील मुख्य सिद्धांत हाच आहे. मधुमेही मनुष्य वर्षांतून चारसहा वेळां, प्रत्येक वेळीं दहापंधरा मिनिटें डॉक्टरांपुढें बसतो. उरलेल्या सर्व दिवसांचें औषध, अन्न व श्रम यांचें माप त्याचें त्यासच जुळवावें लागतें. तें जुळविण्याची विद्या त्यास मिळाली पाहिजे, आणि मिळाल्यावर त्यानें ती रोज वापरली पाहिजे.

ही गोष्ट नवी नाहीं. १९२२ च्या जानेवारींत कॅनडांतील टोरोंटो येथें चौदा वर्षांच्या एका मुलास प्रथम इन्शुलिन टोंचण्यांत आलें. त्यापूर्वीं अशा मुलांस जवळजवळ उपाशी ठेवून कांहीं दिवस जगविणें याखेरीज वैद्यांच्या हातीं उपाय नव्हता. इन्शुलिन आलें आणि त्याबरोबर सुई रोग्याच्या किंवा त्याच्या आईच्या हातीं आली. बोस्टनचे डॉ. इलियट जोस्लिन यांनीं तर त्याहि आधीं, १९१८ सालीं, डॉक्टर व रोगी या दोघांनीं मिळून वापरावें असें पुस्तक लिहिलें होतें. आहार, व्यायाम व इन्शुलिन हे एका रथाचे तीन घोडे असून सारथी स्वतः रोगी होय, अशी त्यांची शिकवण असे. ज्यानें दोन बैलांची जोडी सुद्धां हांकली आहे त्यास तीन जनावरें एका चालीनें नेणें किती अवघड, हें समजावून सांगावयास नको.

परंतु त्या सारथ्यास वाट दिसत नव्हती. अनेक वर्षें घरच्या घरीं लघवी तपासण्याचा एकच मार्ग होता. बेनेडिक्टच्या द्रावणांत लघवीचे थेंब टाकून तें तापवावयाचें. या द्रावणांत असतो तो मोरचूदच, जो आपण चुन्याबरोबर बोर्डो मिश्रणांत घालतों. साखर नसेल तर रंग निळा राहतो. साखर जसजशी अधिक तसतसा तो हिरवा, पिंवळा, नारिंगी व शेवटीं विटकरी होतो. ही परीक्षा स्वस्त होती, पण रक्तांतील साखर बरीच चढून लघवींत उतरल्यावरच ती दिसे, आणि साखर धोक्याइतकी उतरली तर त्याचा पत्ताच लागत नसे. पुढें रक्त तपासण्याचें छोटें यंत्र निघालें, तेंहि प्रथम रुग्णालयांसाठींच. अमेरिकेंतील रिचर्ड बर्नस्टीन या इंजिनिअरास बाराव्या वर्षापासून मधुमेह होता. यंत्र डॉक्टरांवांचून इतरांस मिळत नव्हतें. त्यांची पत्नी डॉक्टर होती, तिच्या नांवानें त्यांनीं १९६९ च्या सुमारास तें मिळविलें आणि दिवसांतून अनेक वेळां स्वतःचें रक्त तपासून नोंद ठेवावयास आरंभ केला. कोणत्या अन्नानें साखर किती चढते व इन्शुलिननें किती उतरते, हें त्यांस आपल्याच वहींतून उमगलें. रोग्यानें स्वतः रक्त तपासावें ही कल्पना पुष्कळ डॉक्टरांस त्या वेळीं रुचली नाहीं, म्हणून चाळिशी उलटल्यावर ते वैद्यकीय महाविद्यालयांत शिकून स्वतःच डॉक्टर झाले. आज तसें यंत्र तालुक्याच्या कोणत्याहि औषधाच्या दुकानांत मिळतें व तळहातावर मावतें. यंत्र आलें, पण वही आली नाहीं, ही आमची तक्रार आहे.

आम्ही स्वतः कित्येक वर्षें या रोगासह संसार करीत आहों, म्हणून थोडें अनुभवाचें लिहितों. पहिलीं तीन वर्षें आम्हीहि गोळ्या घेत होतों आणि दर तीन महिन्यांनीं तपासणी करीत होतों. आंकडा वाईट आला कीं आठ दिवस खाणें आंवरावयाचें, पुन्हां पूर्ववत्. मग एका डॉक्टरांच्या सांगण्यावरून वही घातली. तींत तारीख, उपाशीपोटींची साखर, जेवणानंतर दोन तासांची साखर, घेतलेलें औषध, खाल्लेलें अन्न व केलेलें काम, एवढीच सदरें होतीं. महिन्याभरानें वही चाळली तेव्हां असें दिसलें कीं, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशीं आमची साखर हमखास २४० च्या वर जाते. आम्ही दोष जेवणाला देत होतों. वहीनें तो चहाचा ठरविला. बाजारांत बियाण्याच्या दुकानीं एक, अडत्याकडे दोन, सोयऱ्याकडे एक, असे सहा कप सहज होत. कपांत दोन चमचे म्हणजे सुमारें दहा ग्रॅम साखर धरली तरी साठ ग्रॅम साखर आम्ही गोड म्हणून न मोजतांच पीत होतों. बिनसाखरेचा चहा मागण्याची लाज सोडल्यावर दोन बाजारांत आंकडा खालीं आला.

आंकडे कसे वाचावे हेंहि सांगितलें पाहिजे. शंभर मिलिलिटर रक्तांत साखर किती मिलिग्रॅम आहे तें यंत्र दाखवितें. सामान्यतः मधुमेह्याची साखर जेवणापूर्वीं ८० ते १३० च्या दरम्यान व जेवणास बसल्यापासून दोन तासांनीं १८० च्या आंत असावी. वृद्धांस व इतर व्याधि असणाऱ्यांस डॉक्टर थोडी सैल मर्यादा घालून देतात. नुसता सकाळचा एक आंकडा लिहून कांहीं शिकावयास मिळत नाहीं. एखाद्या जेवणाच्या आधीं व दोन तासांनीं अशी जोडी तपासली तर त्या जेवणाचा गुणदोष कळतो. गोळ्यांवर असणाऱ्यानें आठवड्यांतून दोनतीन वेळां जागा बदलून अशी जोडी पाहिली तरी पुष्कळ झालें. इन्शुलिन घेणाऱ्यास मात्र रोजच, डॉक्टर सांगतील तितक्या वेळां, तपासणें अवश्य आहे. याखेरीज गेल्या सुमारें तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एक रक्तपरीक्षा प्रयोगशाळेंत होते. ती सर्वसाधारणपणें शेंकडा ७ च्या आंत असावी. तिच्यावरून वर्षाचा ताळेबंद कळतो, आणि वहीवरून रोजचा जमाखर्च.

आहाराविषयीं आपल्या समजुती फार पक्क्या आहेत, म्हणून दोन शब्द स्पष्टपणें लिहितों. साखर बंद केली पण गूळ चालतो, हें खोटें आहे. गूळ व उंसाचा रस रक्तांत गेल्यावर साखरच होतात. ज्वारीची भाकरी पांढऱ्या भातापेक्षां हितकर खरी. पण चार भाकऱ्या त्या चारच. ताटाचा अर्धा भाग भाजीपाला, पाव भाग डाळ, उसळ, अंडें असे पदार्थ आणि पाव भाग भाकरी किंवा भात, हा हिशेब ध्यानांत ठेवण्यास सोपा आहे. एकादशीला भाकरी सोडून साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्यानें दोन तासांनीं रक्त तपासून पाहावें. आमच्या वहींत उपवासाचे आंकडे सणाच्या आंकड्यांस मागें टाकीत होते. उलट, निरंकार उपवास करून नेहमीचें औषध घेणें याहूनहि धोक्याचें. व्रत मोडा असें आम्ही म्हणत नाहीं. व्रताच्या दिवशीं औषध किती व केव्हां घ्यावें, हें डॉक्टरांस आधीं विचारा, एवढेंच म्हणतों. आषाढीच्या वारीस पायीं जाणाऱ्यांनींहि हेंच करावें.

कष्टांचें माप शेतकऱ्यास सर्वांत कठीण जातें, कारण तें ऋतूप्रमाणें बदलतें. सुगींत दहादहा तास राबणें आणि त्यानंतर महिना पारावर बसणें, अशा दोन कालांत एकच औषध एकाच मापानें कसें पुरावें? हंगाम बदलण्यापूर्वीं वही घेऊन डॉक्टरांकडे जावें. सुश्रुतसंहितेंत धट्ट्याकट्ट्या प्रमेह्यास दूरवर चालावयास व विहीर खणावयास सांगितलें आहे, पण कृश रोग्यास जपावयास सांगितलें आहे. व्यायाम सर्वांस एकाच मापानें नको, हें इतकें जुनें ज्ञान आहे. इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या कांहीं गोळ्या घेणाऱ्यानें शेतावर जातांना खिशांत साखरेची किंवा ग्लूकोजची पुडी ठेवलीच पाहिजे. घाम, कंप, छातींत धडधड, एकाएकीं भूक किंवा भ्रम यांपैकीं कांहीं जाणवलें, अथवा यंत्रानें ७० च्या खालीं आंकडा दाखविला, तर तीन चमचे साखर पाण्यांत घेऊन स्वस्थ बसावें व पंधरा मिनिटांनीं पुन्हां तपासावें. आंकडा वर आला नसल्यास तितकीच साखर पुन्हां घ्यावी, आणि बरें वाटल्यावर जेवावें. मनुष्य बेशुद्ध असेल तर तोंडांत कांहींहि न ओततां त्यास तांतडीनें दवाखान्यांत न्यावें. रात्रीं पाणी देण्यास अशा माणसानें एकट्यानें जाऊं नये. आणि इन्शुलिन टोंचलें कीं जेवण आधीं, वीज मागाहून.

पायांचें प्रकरण त्याहून गंभीर आहे. जुन्या मधुमेहांत पायांची संवेदना मंदावते. तुरीचें खुंट किंवा पऱ्हाटीचा धस टोंचला तरी कळत नाहीं. जखम वाहूं लागली तरी दुखत नाहीं, आणि दुखत नाहीं म्हणून दुर्लक्ष होतें. अनवाणी चिखलणी व भाताची लावणी करणाऱ्यांस हा धोका विशेष. रोज सायंकाळीं पाय धुवून, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, तळवे आरशांत पाहावे किंवा घरच्या माणसाकडून पाहवून घ्यावे. जोडे झटकून मगच पाय घालावा. थंडींत पाय शेंकूं नयेत. पाण्याची ऊब कोंपरानें पाहावी. भोंवरी ब्लेडनें कापूं नये. जखम दोन दिवसांत बरी होण्याच्या मार्गास लागली नाहीं तर हळद भरीत बसूं नये, दवाखाना गांठावा. डोळे, मूत्रपिंडें व पाय यांची तपासणी वर्षांतून एकदां, आणि रक्तदाब प्रत्येक भेटींत पाहणें, हें आंकडे चांगले असतांहि चुकवूं नये.

इन्शुलिन उन्हानें बिघडतें. न उघडलेली बाटली फ्रिजमध्यें २ ते ८ अंशांत ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्यांत नव्हे, कारण गोठलेलें इन्शुलिन निरुपयोगी होतें. चालू बाटली सावलींत व थंडाव्यांत सुमारें चार आठवडे टिकते. जेथें फ्रिज नाहीं किंवा वीज दिवसदिवस जाते, तेथें मातीच्या मडक्यांत दुसरें लहान मडकें ठेवून मधल्या जागेंत ओली वाळू भरावी व आंतल्या कोरड्या मडक्यांत बाटली ठेवावी. वैदर्भीय उन्हाळ्यांत मोटारसायकलच्या डिकींत राहिलेल्या बाटलीवर मात्र विश्वास ठेवूं नये.

आतां कांहीं आक्षेप. "गोळीची संवय लागते, म्हणून आम्ही बंद केली," असें पुष्कळ जण सांगतात. पिकास पुन्हां पाणी लागलें म्हणजे त्यास पाण्याची संवय लागली असें आपण म्हणत नाहीं. औषध थांबलें कीं साखर चढते ती रोग कायम आहे म्हणून. ज्या मुलांच्या शरीरांत इन्शुलिन मुळींच तयार होत नाहीं, त्यांचें इन्शुलिन कोणाच्या सांगण्यावरून थांबविणें म्हणजे त्यांस मृत्यूच्या दारांत नेऊन सोडणें होय. कारलें, मेथी, जांभळाच्या बिया यांचा आम्ही उपहास करीत नाहीं. आज सर्वत्र दिलें जाणारें मेटफॉर्मिन, ज्याचा मधुमेहांतील उपयोग फ्रान्सच्या डॉ. स्टर्न यांनीं १९५७ सालीं प्रसिद्ध केला, त्याच्या शोधाचा मागहि गॅलेगा नांवाच्या एका युरोपीय वनस्पतीपर्यंत पोंचतो. वनस्पति वाईट नाहीं, माप नसणें वाईट. नवें बियाणें आपण शेजारीं जुन्याची ओळ ठेवून पारखतों. तसेंच चालू औषध न सोडतां, वहींत आंकडे लिहून व डॉक्टरांस सांगून जें पारखावयाचें तें पारखावें.

दुसरा आक्षेप डॉक्टर मंडळी घेतील कीं, वही हातीं आली म्हणजे रोगी आपल्या मनानें औषध बदलूं लागेल. ही भीति निराधार नाहीं. वही म्हणजे मनमानीचा परवाना नव्हे. औषधाचें प्रमाण डॉक्टरांनीं शिकविलें असेल तेवढ्याच मर्यादेंत बदलावें; ताप आला व अन्न कमी गेलें तरी इन्शुलिन आपल्या मनानें बंद न करतां विचारावें. परंतु जो डॉक्टर वही पाहतच नाहीं, त्यानें रोग्याच्या अडाणीपणाबद्दल तक्रार करूं नये, असें आमचें नम्र मत आहे.

शेवटीं आमच्या संघाच्या सभासदांस कांहीं सूचना करितों. मातीचे नमुने घेण्याची सोय आपण शाखाशाखांतून केली. तशी मासिक सभेच्या दिवशीं रक्त तपासण्याची सोय करावी. तीस वर्षांवरील माणसांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत होते, तिचा लाभ गांवच्या गांव घेईल असें पाहावें. आपल्या गडीमाणसांसहि हा रोग होतो. दवाखान्याच्या दिवसाची त्यांची मजुरी कापूं नये. घरांतील स्त्रिया सर्वांच्या मागून, उरेल तें व उरेल तेव्हां जेवतात. मधुमेही स्त्रीस हें घातक आहे, तिचें पान वेळेवर वाढलें गेलें पाहिजे. आणि लग्नाच्या पंगतींत जिलबीचा आग्रह करणाऱ्यांनीं समोरच्यानें एकदां नको म्हटलें कीं पुढें सरकावें. यजमानाचें कौतुक त्यानें कमी होणार नाहीं.

पाटांत सांपडलेले ते बागाईतदार आतां वही ठेवतात. मागील महिन्यांत त्यांनीं ती आम्हांस दाखविली. एका पानावर "रात्रीं वीज आली, जेवून मग गेलों, पुतण्या बरोबर" असें लिहिलें होतें आणि पुढें ११८ हा आंकडा होता. वाचकांपैकीं ज्यांना हा रोग आहे त्यांनीं, आणि ज्यांच्या घरीं तो आहे त्यांनींहि, चालू महिन्यांत अशी एक वही घालावी. तेवढें झालें तरी या लेखाचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.